संत फ्रान्सिस यांची दीनता

इटलीतील असिसी नगरात एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मले. 1206 साली बिशपांसमोर त्यांनी अंगावरची वस्त्रेदेखील वडिलांना परत केली. लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच त्याग. वास्तविक याहून कठीण त्याग पुढेच होता. त्यांच्या संघात हजारो बंधू आले. संपत्ती नव्हती, तरी अधिकार होता, मान होता. येशू ख्रिस्ताने गौरविलेली आत्म्याची दीनता मीपणाला तसूभरही जागा ठेवत नाही, हे त्यांनी ओळखले. 1220 साली त्यांनी प्रमुखपद सोडले आणि संघातील एका बंधूच्या आज्ञेत ते राहू लागले. हातांनी श्रम करावेत, मोबदल्यात पैसा घेऊ नये, हा संघाचा नियम त्यांनाही होताच. 1226 मध्ये अंतकाळी त्यांनी स्वतःला उघड्या जमिनीवर निजवून घेतले.