परीक्षा १८९२ची, पदवी १९२२ची

जिल्हा न्यायालयाच्या आवारात काळा कोट घातलेल्या, हातात फायलींचा गठ्ठा घेतलेल्या वकीलबाई दिसल्या तर आज आपण वळूनही पाहत नाही. आता त्यात नवल ते काय? पण मैत्रिणींनो, केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही, असं सांगणारा कायदा आपल्या देशात झाला तो १९२३ साली. त्याआधी बाईने कितीही परीक्षा दिल्या तरी तिला सनद नाकारली जायची. हे बंद दार जिने तीस वर्षं ठोठावलं, ती जन्माने आपल्या नाशिकची. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील सोराबजी खरशेदजी मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यापायी घरच्यांचा रोष पत्करला आणि पुढे धर्मप्रसाराचं काम केलं. आई फ्रान्सिना हिला लहानपणी एका इंग्रज जोडप्याने दत्तक घेतलं होतं. त्या मानलेल्या आजीचंच नाव नातीला ठेवलं. बेळगाव आणि पुण्यात तिचं बालपण गेलं. घरात भाऊ एक आणि बाकी साऱ्या बहिणी. पण मुलगी म्हणून कुणाचं शिक्षण अडलं नाही. पुढे एक बहीण डॉक्टर झाली, दुसरीने पुण्यात शाळा काढली, भाऊ बॅरिस्टर झाला.

आईने पुण्यात शाळा चालवल्या. तिच्याकडे अडल्यानडलेल्या बायका सल्ला विचारायला येत. अशीच एकदा एक श्रीमंत गुजराती विधवा आली. तिच्या कारभाऱ्याने तिला फसवून कागदावर सही घेतली होती आणि मालमत्ता हातची गेली होती. कागदात काय लिहिलंय हे तिला ठाऊकच नव्हतं आणि दाद मागायला जावं तर परक्या पुरुषासमोर यायची सोय नाही. आईने लेकीला सांगितलं, अशा बायकांसाठी काही करायचं असेल तर कायदा शीक. ही आठवण कॉर्नेलियाने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या मनात जे रुजलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती दाखल झाली तेव्हा आजूबाजूला सारे मुलगेच. काही जण तर ती वर्गात येऊ नये म्हणून तोंडावर दार आपटायचे. तिने अभ्यासाने उत्तर दिलं. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर ठरली आणि शेवटच्या परीक्षेत तिचे गुण अव्वल होते. असे गुण मिळवणाऱ्याला इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. कॉर्नेलियाला मात्र ती नाकारली. कारण एकच, उमेदवार बाई होती.

ती रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने नोकरी धरली आणि तिथे चक्क मुलग्यांना शिकवलं. विशी नुकतीच ओलांडलेली मुलगी, आणि समोर बाकांवर तिच्याच वयाचे विद्यार्थी! तिकडे इंग्लंडमध्ये मेरी हॉबहाउस नावाच्या बाईंनी तिच्यासाठी वर्गणीचं आवाहन केलं. देणगी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही नाव होतं. एका बाईचा रोखलेला पैसा दुसऱ्या बायकांनी उभा केला, हे मला फार मोलाचं वाटतं. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोहोचली.

तिथे तरी सगळं सुरळीत असेल म्हणाल, तर तसं नव्हतं. कायदा शिकणारी तिथली ती पहिली बाई. बेंजामिन जॉवेट यांच्यासारखे वजनदार प्राध्यापक पाठीशी होते, एका नामांकित कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची मुभा मिळाली, अभ्यासही झाला. पण परीक्षा? बाईचे पेपर तपासायलाच एका परीक्षकाने नकार दिला. तिला वेगळं बसवावं असंही घाटत होतं. तिचा हट्ट हा की मुलांबरोबर, त्याच दालनात, तोच पेपर सोडवीन. नाहीतर उद्या लोक म्हणतील, हिची परीक्षा सोपी होती. अखेर परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली. १८९२ साली तिने ही परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली.

वर्ग तिसरा मिळाला. निकालाने ती खट्टू झाली. पण आज कायद्याच्या परीक्षेत गुण कमी पडले म्हणून तोंड लपवणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. तिसऱ्या वर्गाची ही विद्यार्थिनी पुढे इतिहासात गेली.

एवढं करूनही पदवीचा कागद मात्र हाती आला नाही. ऑक्सफर्डमध्ये बायका परीक्षा देऊ शकत, पण त्यांना पदवी देण्याची पद्धत नव्हती. १९२० साली नियम बदलला आणि कॉर्नेलियाला पदवी मिळाली ती १९२२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पेपर लिहून तीस वर्षं उलटली होती!

१८९३ साली कॉर्नेलियाबाई भारतात परतल्या. इथे नवीन अडचण उभी होती. शिक्षण आहे, सनद नाही. काही संस्थानांत खास परवानगीने बाजू मांडता येई, पण तिथला न्याय राजाच्या लहरीवर. एकदा तर त्यांना चक्क एका हत्तीच्या हक्कासाठी उभं राहावं लागलं. ऐकायला गंमत वाटते, पण ज्या बाईला पुराव्यावर आणि युक्तिवादावर जिंकायचं होतं, तिला असल्या दरबारात काय समाधान मिळणार? म्हणून त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. केली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत पास. सनद तरीही नाही.

मग त्यांनी दुसरी वाट शोधली. जमीनदार वारला आणि मागे विधवा नि अज्ञान मुलं राहिली, तर इस्टेटीची देखरेख सरकारचं एक खातं करत असे. त्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. पण खात्याचे अधिकारी पुरुष आणि मालकीण पडद्याआड. दोघांच्या मधे कारभारी, दीर, भाऊबंद. बाईचं म्हणणं साहेबापर्यंत जायचं ते यांच्याच तोंडून! कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे धोशा लावला की या बायकांसाठी एक बाईच सल्लागार हवी. १९०४ साली बंगालमध्ये त्यांची त्या पदावर नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत काम वाढलं. कधी पालखीत, कधी होडीत, कधी हत्तीवर बसून त्या आडगावच्या वाड्यांवर जात. आतल्या दालनात बसून बाईची तक्रार ऐकत, कागद वाचून दाखवत, पोटगी नीट मिळते का, मुलांच्या शिक्षणाचं काय, हे पाहत. वीस वर्षांत सहाशेहून अधिक बायका-मुलांना त्यांनी अशी मदत केली असं सांगितलं जातं.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने अखेर त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२३चा कायदा झाल्यावर त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. पण तेव्हा वय साठीकडे झुकलेलं. उमेदीची वर्षं दाराबाहेर गेली होती. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथेच वारल्या.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने हिंदुस्थानची बदनामी करणारं पुस्तक लिहिलं, तेव्हाही त्यांनी मेयोबाईंची बाजू घेतली. त्यामुळे इथली माणसं दुरावली, सोबत काम करणाऱ्याही लांब गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं गेलं नाही, त्याचं हे एक कारण असावं. त्यांची राजकीय मतं मलाही पटत नाहीत. पण त्यासाठी त्यांचं काम पुसून टाकायचं का? लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. जन्मगावातल्या किती मुलींना त्यांचं नाव माहीत असेल?

बचत गटाच्या बायकांबरोबर काम करताना मला त्या गुजराती विधवेची गोष्ट वारंवार आठवते. आजही कितीतरी जणी कागद समोर आला की एवढंच विचारतात, सही कुठे करू? माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र असो की कर्जाला जामीन राहण्याचा कागद, वाचायचा राहूनच जातो. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. तो सोडायचा की ठेवायचा, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण समजून-उमजून ठरवावं. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचंही कारण नाही. १९८७च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

आणि घरात एखादी मुलगी वकील व्हायचं म्हणत असेल, तर तिला रोखू नका. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. प्रवेश परीक्षा द्यायची, शिकायचं, बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायचं. कष्ट आहेतच. पण बाई म्हणून तिचा पेपर तपासायला आज कुणी नकार देऊ शकत नाही आणि पदवीसाठी तिला तीस वर्षं थांबावंही लागत नाही.