दादाभाईंच्या पत्त्यावर

रमजानचा महिना आला की दारातल्या गरजवंताला रिकाम्या हाताने पाठवू नये, ही शिकवण घराघरांत पुन्हा आठवते. दार जवळ असेल तर गरजवंत चालत येतो. पण दार सातासमुद्रापार असेल तर? सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये असे एक दार होते. हिंदुस्थानातली साधी माणसे आपली अडचण कागदावर उतरवून तिथे पाठवत. पाकिटावर नाव असे दादाभाई नौरोजींचे.

४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी मुलाला शिकवले. मुंबईच्या त्या शाळेत फी नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले. आपले शिक्षण गोरगरिबांच्या पैशातून झाले, तेव्हा ते ऋण लोकसेवेतूनच फेडायचे, असे दादाभाईंनी तरुणपणीच ठरवले. विद्या त्यांच्या लेखी अमानत होती. पुढे ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि मुलींच्या शाळांसाठी झटले.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. मात्र दारू आणि अफूच्या व्यापारातला नफा त्यांना मान्य नव्हता. ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची पेढी काढून कापसाचा व्यापार सुरू केला.

कापसाची गोष्ट खान्देशाला सांगायला नको. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध थांबताच तो कोसळला. पुढे कापसावर प्रयोग करण्यासाठी सरकारने गिरणाकाठच्या भडगावलाच शेती काढली. पीक इथे, गिरण्या इंग्लंडात. मग शेतकऱ्याच्या हाती काय उरते? दादाभाईंनी साऱ्या देशाचा हिशेब मांडला. माणशी वर्षाचे उत्पन्न जेमतेम २० रुपये निघाले. देशातली संपत्ती बाहेर वाहून जाते, हे त्यांनी इंग्रजांच्याच आकड्यांनी दाखवले.

१८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अगदी मोजक्या मतांच्या फरकाने पार्लमेंटवर निवडून आले. मतदार होते तिथले कारागीर आणि कामकरी. पण सारा हिंदुस्थानही त्यांना आपलाच खासदार मानू लागला. घरून पैसे न आल्याने परदेशात अडकलेला विद्यार्थी, नोकरी शोधणारा तरुण, सरकारदरबारी दाद न मिळालेला तक्रारदार, सारे त्यांनाच लिहीत. मतदारांची पत्रे वेगळीच.

एवढ्या कामाला मोठी कचेरी असेल असे वाटेल. प्रत्यक्षात ती एक चिमुकली खोली होती. टेबल, खुर्ची आणि कागदांचे ढीग एवढ्यानेच ती भरून जाई. दुसरी खुर्ची ठेवायला जेमतेम जागा. दादाभाई स्वतःच्या हाताने उत्तरे लिहीत आणि त्यांच्या नकलाही स्वतःच दाबयंत्रावर काढत. पैशाची ओढाताण त्यांनाही चुकली नव्हती. प्रत्येकाची नड भागवणे त्यांच्या हाती नव्हते.

म्हणून एकेका पत्रामागचे मूळ दुखणे ते शोधत. सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनमध्ये होई. बोटीचे भाडे कुठून आणायचे, इथेच हुशार मुलांची वाट अडे. ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव दादाभाईंच्या प्रयत्नांमुळे १८९३ मध्ये कॉमन्स सभेत मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. दादाभाईंनी मागणी सोडली नाही. त्याच वर्षी लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून, हिंदू, मुसलमान वा पारशी असण्याआधी आपण हिंदी आहोत, हे त्यांनी साऱ्यांना सांगितले.

१८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून एका अननुभवी वकिलाचे पत्र आले. तिथल्या हिंदी लोकांचा मताचा हक्क काढून घेतला जात होता आणि त्याला वडीलधाऱ्याचा सल्ला हवा होता. शिकत असताना दादाभाईंच्या नावाचे ओळखपत्र खिशात असूनही ते द्यायला तो बिचकला होता. आता मात्र त्याने लिहिले, आणि पुढे अनेक वर्षे दादाभाईंनी तिथल्या हिंदी लोकांची बाजू लंडनमध्ये मांडली. त्या वकिलाचे नाव मोहनदास गांधी.

१९०७ मध्ये दादाभाई मायदेशी परतले आणि वर्सोव्याला राहिले. ३० जून १९१७ रोजी, ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे हजारो कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत नामवंतांची पत्रे आहेत, तशीच ज्यांचे नाव इतिहासाला ठाऊक नाही अशा गरजवंतांचीही. दादाभाईंनी दोन्ही सारख्याच काळजीने जपून ठेवली होती.