बढती हुकली, नांगर घडला

अप्रेझलमध्ये आपल्याला डावललं, की डोक्यात पहिला विचार काय येतो? बास झालं, आता स्वतःचंच काहीतरी सुरू करू! तुम्हाला अजून आला नसेल, तर नोकरी लागल्यावर येईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांना तो सव्वाशे वर्षांपूर्वी आला होता.

1869 चा जन्म, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये गेला. तिथे कळलं, की काही रंग आपल्याला नीट दिसतच नाहीत. संपलं? छे! रंग सुटले, पण यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायला रंग कुठे लागतात? त्याच जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. पुढे बढतीची वेळ आली आणि ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

म्हणजे सुरुवात रागातून झाली. बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णांच्या साथीने सायकलींचं दुकान निघालं. लोकांना सायकल चालवायला शिकवायचे 15 रुपये! दुकानाने पोट भरलं. पण जीव रमला तो यंत्रांत. कडबा कापायचं यंत्र झालं आणि मग लोखंडी नांगर.

खरी गंमत इथे आहे. नांगर तयार, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! आपली रील दोन तास चालली नाही तरी आपण डिलीट करतो. नुसत्या रागावर माणूस इतका टिकत नाही, असं मला वाटतं. संस्थेला धडा शिकवायचा, एवढंच कारण असतं, तर सायकलचं दुकान पुरेसं होतं. त्यांना नांगर बनवायचाच होता. न विकलेल्या नांगरांशेजारी बसून पुढचं काम करायला तेच कारण उपयोगी पडलं असणार.

मग बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर कर्जही. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. 1910 मध्ये तिथे कामगारांची कुटुंबं राहायला आली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. या वसाहतीत अस्पृश्यता पाळायला मनाई होती.

आणि रात्रीचा पहारा? त्यासाठी त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्यावर कुणीच विश्वास टाकत नव्हतं, त्यांच्या हाती आख्खा कारखाना! मला यात त्या हुकलेल्या बढतीचा धागा दिसतो. तुम्हाला?