हुकूमनाम्यापासून राज्यघटनेपर्यंत

घटनासमितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताची राज्यघटना स्वीकारली, तेव्हा कोल्हापूर संस्थान अस्तित्वात उरले नव्हते. त्याच वर्षी १ मार्चला ते मुंबई प्रांतात विलीन झाले होते. म्हैसूर, हैदराबाद यांसारख्या संस्थानांच्या अधिपतींनी घटना मान्य असल्याचे स्वतंत्र जाहीरनामे काढले. कोल्हापूरला त्याची गरज पडली नाही. तथापि घटनासमितीपुढील एक मूलभूत प्रश्न या नगरीत तीस वर्षे आधीच उपस्थित झालेला होता: सत्ता लोकांच्या हाती आली, तरी दुबळ्याच्या हक्काचे रक्षण कोणी करावयाचे? हा प्रश्न विचारणारे स्वतः राजे होते.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारातील बहुतेक महत्त्वाच्या जागा एकाच जातीकडे होत्या. विद्या नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून विद्येची ओढ नाही, अशा दुष्टचक्रात बाकीचा समाज सापडला होता. हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडावे लागेल, हे महाराजांनी ओळखले. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. २६ जुलै १९०२ रोजी, ते इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले.

यापुढचे पाऊल अर्थशास्त्रीय दृष्टीनेही महत्त्वाचे होते. १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा करण्यात आल्या. वतनाची जमीन तुटपुंजी होती, पण तिच्या मोबदल्यात गावकामाचा बोजा संपूर्ण जातीवर पिढ्यान्पिढ्या लादलेला होता. जमीन व्यक्तीच्या नावे झाली, तेव्हा श्रम विकावयाचे की नाही हे ठरविण्याची मोकळीक त्या व्यक्तीला प्रथमच मिळाली. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने व सार्वजनिक पाणवठे येथील अस्पृश्यता हुकमाने मोडण्यात आली आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या.

याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात राजकीय सुधारणांचा वाद पेटला होता. लोकमान्य टिळकांच्या अनुयायांचे म्हणणे असे, की स्वराज्य आधी मिळावे आणि जातवार प्रतिनिधित्वाने राष्ट्रीय ऐक्याला तडा जाईल. ही भीती निराधार नव्हती. परंतु सनदशीर संरक्षणाविना येणारे स्वराज्य मूठभरांचेच राज्य ठरेल, ही महाराजांची शंकाही तितकीच वास्तव होती. १९१९ च्या कायद्यानुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

असे असले तरी महाराजांच्या कार्याला एक अंगभूत मर्यादा होती. त्यांनी जे दिले, ते हुकमाने दिले. प्रजेने निवडलेले कायदेमंडळ संस्थानात नव्हते. दरबाराचा हुकूम अन्यायाचा वाटला, तर त्याविरुद्ध मूलभूत हक्क म्हणून दाद मागण्याची सोयही प्रजेला नव्हती. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. सुधारणांचे भवितव्य यापुढे गादीवर येणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. म्हणूनच १९३९ मध्ये माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेला जबाबदार राज्यपद्धतीची मागणी घेऊन उभे राहावे लागले. रत्नाप्पाण्णा पुढे घटनासमितीचे सदस्य झाले.

अमेरिकेची घटना १७८८ मध्ये अमलात येण्याइतकी मान्यता मिळवून बसली, पण तिला नागरिकांच्या हक्कांची सनद दुरुस्त्यांच्या रूपाने १७९१ मध्ये जोडावी लागली. भारताने हे हक्क आरंभीच घटनेत गोवले. राखीव जागांची तरतूद सोळाव्या अनुच्छेदात आणि अस्पृश्यतेची बंदी सतराव्यात आली. तेराव्या अनुच्छेदाने या हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरविले आणि बत्तिसाव्याने नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडून दिले. कोल्हापूरच्या हुकूमनाम्यांत नेमकी या शेवटच्या दोन गोष्टींचीच उणीव होती.

घटनेतील शब्दही आपोआप जागे राहत नाहीत, हे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीने दाखवून दिले. हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच त्या काळात रोखला गेला. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. शाहू महाराजांसारखा राजा लाभणे हे प्रजेचे भाग्य होते. नागरिकाला मात्र भाग्यावर विसंबून चालत नाही. हक्क कोठे लिहिला आहे आणि तो कोणाकडे मागावयाचा, हे त्याला स्वतःलाच ठाऊक असावे लागते. महाराजांनी शिक्षण सक्तीचे का केले, याचे उत्तरही त्यातच आहे.