रोग नदीचे धनी : रॉबर्ट ह्यूम

आमच्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या मासळीवर चालत आला आहे. याच धंद्यात आयुष्य वेचलेल्या एका परदेशी पुरुषाचा अल्प परिचय ज्ञातिबांधवांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

रॉबर्ट डेनिस्टन ह्यूम यांचा जन्म १८४५ साली अमेरिकेतील मेन राज्यात झाला. त्यांचे वडील बंधू विल्यम व जॉर्ज यांनी हॅपगुड नामक पत्र्याचे काम जाणणाऱ्या मित्रासह १८६४ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीवर सॅमन मासा डब्यांत भरण्याचा कारखाना काढला. पहिल्या वर्षी दोन हजार पेट्या भरल्या. त्यांतील निम्म्या नासल्या! तरुण रॉबर्ट याच कारखान्यात धंदा शिकले. परंतु सोन्याच्या खाणींचा गाळ नदीत उतरून मासा रोडावला आणि १८६६ साली ह्यूम बंधूंना कोलंबिया नदीकाठी बिऱ्हाड हलवावे लागले. तेथे धंदा भरभराटला, कारखान्यांची गर्दी झाली. एका नदीची दशा रॉबर्ट यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ती ते विसरले नाहीत.

पत्नी व दोन्ही अपत्ये काळाने हिरावून नेल्यावर हा दुःखी गृहस्थ १८७६ साली ओरेगॉनमधील रोग नदीवर आला. (नावावरून वाचकांनी दचकू नये, नदी निरोगी होती.) सॅमन समुद्रात वाढतो, परंतु अंडी घालावयास आपल्या जन्मनदीतच परततो. सर्वच मासा वाटेत धरला, तर पुढील पिढी यावी कोठून? हा हिशेब ह्यूम यांनी ओळखला. १८७७ मध्येच त्यांनी स्वखर्चाने मत्स्यबीज केंद्र उभारले. पिकलेल्या मादीची गाबोळी काढावयाची, नराच्या रेताशी तिचा संयोग करावयाचा, वाहत्या थंड पाण्यात अंडी उबवावयाची आणि पिले नदीत सोडावयाची, असा तो क्रम. या विषयावर १८९३ साली त्यांनी पुस्तकही लिहिले.

तथापि, त्यांची स्तुतीच करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. नदीमुखापासून बारा मैल दोन्ही तीर त्यांनी विकत घेतले; गावातील दुकान त्यांचे, जहाज त्यांचे, मजुरीही त्यांच्याच हातची. दुसऱ्याने जाळे टाकले की ते न्यायालयात जात. अखेर ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा मासेमारीचा एकाधिकार अमान्य केला. नदी जपली ती स्वतःची म्हणून. ती सर्वांची आहे, हे त्यांना कधी मानवले नाही. शिवाय, नदीतील स्वच्छ रेव व मोकळी वाट यांची उणीव केंद्रातील पिलांनी भरून निघत नाही, हे पुढील काळातील अनुभवाने दाखविले आहे. आपल्याकडील मत्स्यबीजाच्या योजना वाचताना हे ध्यानी ठेवावे.

१९०८ साली ह्यूम निवर्तले. दुसऱ्या विवाहापासूनही संतती नव्हती. उद्योग परक्या कंपनीकडे गेला. १९३५ मध्ये रोग नदीवरील व्यापारी मासेमारीच कायद्याने बंद झाली. द्वितीय पत्नी मेरी हिच्या नावाने त्यांनी १८८१ साली बांधविलेले जहाज मात्र १९७८ पर्यंत पाण्यावर राबत होते.