सहा वर्षांत एकही माणूस सोबत आला नाही, तरी जडसनने बर्मी भाषेचा नाद सोडला नाही

तारीख १३ जुलै १८१३. रंगूनच्या बंदरात एक जुनाट जहाज येऊन थांबलं. त्यात पंचविशीला टेकलेला एक अमेरिकन तरुण होता आणि त्याची बायको होती. मद्रासहून निघालेल्या या जहाजावरच त्यांचं पहिलं बाळ मृत जन्माला आलं होतं. बायको इतकी अशक्त झाली होती की तिला खुर्चीत बसवून किनाऱ्यावर न्यावं लागलं.

हा तरुण म्हणजे ॲडोनिराम जडसन. त्याच्या बायकोचं नाव ॲन.

दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी १८१२ मध्ये, अमेरिकेहून मिशनऱ्यांची एक तुकडी हिंदुस्थानकडे निघाली होती. जडसन त्यातलाच एक. पण ईस्ट इंडिया कंपनीला असे पाहुणे नको होते. कलकत्त्यात पोचताच त्यांना परत जायचा हुकूम मिळाला.

मग प्रत्येकाने आपापली वाट शोधली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मुंबई गाठली. तिथल्या त्यांच्या कामातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन दांपत्य मॉरिशसला जाऊन मद्रासला आलं. तिथूनही हाकलतील अशी भीती होती. त्या वेळी जे जहाज मिळालं ते रंगूनला जाणारं होतं.

तर असे हे दोघे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, येऊन पडले. पुढचा प्रश्न होता बोलायचं कसं?

त्यांनी शिकवायला एक पंडित ठेवला. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता आणि यांना बर्मीचा. सुरुवातीला वस्तूकडे बोट दाखवायचं आणि त्याने नाव सांगायचं, एवढाच अभ्यास. त्यात बाईमाणसाला शिकवायचं पंडिताच्या जिवावर आलं होतं. ॲन हटत नाही म्हटल्यावर तो तिलाही शिकवू लागला.

लिहिलेलं वाचणं तर त्याहून अवघड. ताडाच्या पानांवर कोरलेली गोल गोल अक्षरं, सगळी एकमेकांसारखी. दोन शब्दांच्या मध्ये जागा नाही, त्यामुळे एक शब्द संपला कुठे आणि दुसरा सुरू झाला कुठे हेच कळत नसे. धर्मग्रंथ समजून घ्यायचे तर पाली शब्दही शिकावे लागत. जडसन दिवसदिवस पंडितासमोर बसून राही. ॲनवर घर चालवायची जबाबदारी होती. नोकरांशी, बाजारातल्या लोकांशी तिला रोज बोलावंच लागे. त्यामुळे बोलण्यात ती पुढे गेली आणि व्याकरणात तो.

खरी अडचण मात्र शब्दांच्या अर्थाची होती. जग निर्माण करणारा एक सनातन देव ही कल्पना तिथल्या बौद्ध समाजात नव्हतीच. ‘फया’ हा शब्द बुद्धासाठी वापरतात आणि पॅगोड्यासाठीही. तो वापरून जडसनने देवाविषयी सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहणार. म्हणजे नुसते शब्द पाठ करून भागणार नव्हतं. ती माणसं विचार कसा करतात हेही शिकायचं होतं.

१८१६ साल सगळ्यात वाईट गेलं. अतिवाचनाने त्याचे डोळे आणि डोकं दुखून काम थांबलं. मे महिन्यात आठ महिन्यांचा मुलगा रॉजर वारला. त्याच वर्षी जडसनने बर्मी व्याकरणाची टिपणं पूर्ण केली. तिकडे अमेरिकेत पैसे देणारे लोक विचारत होते की अजून कुणी ख्रिस्ती झालं की नाही. उत्तर ‘नाही’ असंच होतं. आम्हाला पोटापुरतं द्या आणि वीस-तीस वर्षं धीर धरा, अशा अर्थाचं त्याने कळवलं.

१८१९ मध्ये त्याने पॅगोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक ‘झयात’ बांधलं. झयात म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी, वाटसरूंना टेकायची जागा. तिथल्या गुरूंप्रमाणे तोही तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलू लागला. २७ जून १८१९ रोजी मोंग नौ नावाच्या माणसाने बाप्तिस्मा घेतला. रंगूनला येऊन जवळपास सहा वर्षं झाली होती, आणि हा पहिला.

या सहा वर्षांच्या मेहनतीचं मोल पुढे वेगळ्याच ठिकाणी कळलं. १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध पेटलं. गोरा म्हणजे हेर, या संशयावरून जडसनला आव्यात बेड्या घालून तुरुंगात टाकलं. ॲन अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. नव्या कराराच्या भाषांतराचं हस्तलिखित तिने उशीत शिवून त्याच्याकडे पोचवलं. कैद्यांना हलवताना ती उशी फेकून दिली गेली, पण मोंग इंग या अनुयायाने आठवण म्हणून ती उचलून ठेवली. त्यामुळे हस्तलिखित वाचलं.

शेवटी तहाची बोलणी सुरू झाली, तेव्हा बर्मी सरकारला दोन्ही भाषा जाणणारा माणूस हवा होता. म्हणून जडसनला तुरुंगातून काढून दुभाषा म्हणून नेलं. फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला आणि तो मोकळा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲन गेली.

१८३४ मध्ये जडसनने संपूर्ण बायबलचं बर्मी भाषांतर पुरं केलं. मग शब्दकोश हाती घेतला. १२ एप्रिल १८५० रोजी समुद्रप्रवासात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा बर्मी-इंग्रजी कोशाचं काम अर्धवट होतं. ते इतरांनी पूर्ण केलं. त्याचं बायबल म्यानमारमध्ये आजही वाचलं जातं.