वर्तुळाचे सात भाग

नीरेकाठच्या आमच्या अकलूजात काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावात काय, जूनमध्ये शाळा उघडली की दप्तरात नवी कंपासपेटी येते आणि मुलाला एक जादू सापडते. वर्तुळ काढायचे आणि कंपासचे अंतर न बदलता परिघावर खुणा करत जायचे. बरोबर सहा भाग पडतात. एकाआड एक खुणा जोडल्या की त्रिकोण. दोन व्यास काटकोनात काढून टोके जोडली की चौरस, आणि त्या काटकोनांचे दुभाजक काढले की अष्टकोन. मग मूल हौसेने सात भाग करायला बसते. खोडरबराने पान फाटते, पण शेवटची खूण काही पहिलीवर येत नाही. अशा मुलाला रागावू नये. पावणेनऊशे वर्षांपूर्वी याच जागी महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या गणितीचाही हिशेब किंचित चुकला होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलवीड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते यावर पंडितांचे वाद झाले. चाळीसगावजवळच्या पाटणचे नाव त्यात आवर्जून घेतले जाते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. 'लीलावती' हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, 'करणकुतूहल' लिहिण्याइतकी उमेद त्यांच्यात शिल्लक होती.

घटिकापात्रात मोती अडकला आणि लेकीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरातून. मूळ ग्रंथात ती नाही. गोष्ट आपण जपली, गणित मात्र मागे पडले.

त्या गणितात वर्तुळाच्या भागांचा एक नियम आहे. व्यासाला ठरावीक अंकाने गुणावे आणि १,२०,००० ने भागावे. वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृतीची बाजू मिळते. त्रिकोणासाठी अंक १,०३,९२३, चौरसासाठी ८४,८५३, पंचकोनासाठी ७०,५३४, षट्कोनासाठी ६०,०००, सप्तकोनासाठी ५२,०५५, अष्टकोनासाठी ४५,९२२ आणि नवकोनासाठी ४१,०३१. आज हे अंक ताडून पाहिले तर सातांपैकी पाच अगदी नेमके उतरतात. सप्तकोनाला ५२,०६६ हवे होते आणि नवकोनाला ४१,०४२. दोन्ही ठिकाणी अकरा कमी. १२० हात व्यासाचे वर्तुळ आखले तर ही चूक जेमतेम पाव अंगुळाची. गवंड्याचे काम तिने अडणार नाही.

पण चुकले ते हेच दोन का? हे अंक कसे काढले, ते 'लीलावती'त सांगितलेले नाही. एवढे मात्र खरे की बाकीच्या पाच आकृती वर्गमुळांच्या आवाक्यातल्या आहेत. पंचकोनाला लागणारी छत्तीस अंशांची ज्या वर्गमुळांनी कशी काढावी, हे भास्कराचार्यांनीच ज्योत्पत्तीत दाखवले. सात आणि नऊ या रीतीला दाद देत नाहीत. नऊ भाग करायचे तर १२० अंशांच्या कोनाचे तीन सारखे भाग पाडावे लागतात. कोणत्याही कोनाचे दोन भाग कंपास सहज करतो, पण तीन भाग करण्याची सर्व कोनांना लागू पडेल अशी रीत पट्टी-कंपासात नाही. फ्रान्सच्या वाँत्झेल यांनी हे सिद्ध केले ते १८३७ मध्ये. सप्तकोनाचेही तसेच.

भास्कराचार्यांच्या चाहत्यांना हे पूर्वीच जाणवले होते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. तीन, चार, सहा आणि आठ बाजूंची उपपत्ती त्यांनी दिली. पाच, सात आणि नऊ बाजूंची मात्र त्या रीतीने देता येत नाही, असे मोकळेपणाने नोंदवले. आचार्यांचा शब्द म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि त्यामुळे आचार्यांचा मान काही कमी झाला नाही.

आज आपल्याकडे पूर्वजांना सारेच ठाऊक होते म्हणणारे आहेत आणि काहीच ठाऊक नव्हते म्हणणारेही आहेत. दोघांनीही हे अंक मांडून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतलेले असतात. भास्कराचार्यांच्या घरच्यांनी मात्र वेगळी वाट धरली. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला.

मठ कधीच बंद पडला. पण अकलूजच्या एखाद्या ओसरीवर फाटलेल्या पानाशी झटणारे मूल त्याच मठाचे विद्यार्थी आहे. त्याला नवे पान द्यावे, आणि ते दोन अंकही.